फळ्यावर सात नंबर, आढीत नुसता पेंढा

मे महिन्यात देवगडला गेले की लॅपटॉप घेऊन बसायला एकच निवांत जागा मिळते, काकांच्या मांगराची पडवी. आत पेंढ्यावर हापूसच्या आढ्या, बाहेर पेट्यांचा ढीग आणि मधल्या भिंतीवर एक काळा फळा. आढी भरायजोगी झाली की काका तिचा नंबर खडूने फळ्यावर लिहितात. पेट्या भरणाऱ्या बायका येतात, फळा बघतात आणि त्या नंबरच्या आढीकडे जातात. फळ्यावर आंबे नसतात, आंबे कुठे आहेत एवढंच असतं. प्रोग्रामिंगमध्ये अशा फळ्याला पॉइंटर म्हणतात.

यंदा त्या पडवीत बसून मी एक बग शोधत होते. मासळीच्या शीतगृहात तापमान टिपणारं एक छोटं यंत्र आहे. आत चार कोअरचं, म्हणजे एकाच चिपवर चार प्रोसेसर असलेलं, एआरएम जातीचं बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, सेन्सरांशी बोलणारा ड्रायव्हर मी लिहिलेला. ड्रायव्हर साधा होता. नव्या नोंदीसाठी मेमरी घ्यायची, ती शून्याने पुसायची, तापमान लिहायचं, आणि मग 'ताजी नोंद' नावाचा पॉइंटर तिच्याकडे वळवायचा. दुसऱ्या कोअरवरचा वाचणारा कोड पॉइंटर बघायचा आणि तिथलं तापमान उचलायचा. दिवसाकाठी एखाद-दुसऱ्या वेळी उणे अठराच्या जागी शून्य अंश यायचं, आणि रात्री दोन वाजता शीतगृहाचा भोंगा वाजायचा. माझ्या लॅपटॉपवर हाच कोड पंधरा दिवस चालवला तरी एकदाही चुकला नाही.

"काय झाला गो?" काकांनी विचारलं. मी फळ्याकडे बोट दाखवून सांगितलं की फळ्यावर सात नंबर दिसतो, पण सातव्या आढीत नुसता पेंढा असतो.

"आंबे आदी घातलंय, मगे फळो लिवलंय. चूक खंयची?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मीही आधी नोंद लिहिली होती आणि मगच पॉइंटर वळवला होता. ओळी त्याच क्रमाने होत्या. पण एका कोअरने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने ते दुसऱ्या कोअरला दिसेल, असा आजच्या प्रोसेसरचा करारच नसतो. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७९ साली अनेक प्रोसेसरांच्या यंत्राने कसं वागावं याची एक सरळ व्याख्या मांडली: सगळ्यांची कामं जणू एकाच रांगेत, प्रत्येकाच्या आपापल्या क्रमाने झाली असं दिसावं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात नकळत तेच चित्र असतं. नेहमीच्या वापरातला जवळजवळ कुठलाही प्रोसेसर ते पूर्ण पाळत नाही. कारण एकच, वेग.

प्रोसेसरच्या अगदी जवळच्या छोट्या, वेगवान साठ्यातून, म्हणजे कॅशमधून, आकडा आणायला साधारण एक नॅनोसेकंद लागतो, मुख्य मेमरीतून आणायला शंभरेक. तीन गिगाहर्ट्झच्या कोअरने शंभर नॅनोसेकंद हात बांधून बसायचं म्हणजे तीनशे ठोके फुकट. म्हणून प्रत्येक कोअर आपल्याजवळ मेमरीच्या प्रती ठेवतो, बहुतेक यंत्रांत ६४ बाइटांच्या तुकड्यांत. तुकड्याला कॅश लाइन म्हणतात, आपण पान म्हणू.

आता समजा काकांची एक वही आहे. पान दोनवर फळ्याची नोंद, पान सातवर सातव्या आढीची. काका बागेत, माझा चुलतभाऊ फाट्यावरच्या स्टॉलवर, तिसरा माणूस वाशीच्या गाळ्यावर. प्रत्येकाकडे लागतील त्या पानांची झेरॉक्स. नियम असा की कुणालाही पान बदलायचं असेल तर आधी बाकीच्यांना फोन करायचा, "तुमची प्रत फाडा," आणि सगळ्यांचं "फाडली" आलं की मगच लिहायचं. म्हणजे एकाच पानाबद्दल दोन माणसांत वाद होत नाही. ही शिस्त हार्डवेअर पाळतं, तिला कॅश कोहेरन्स म्हणतात. इथेच बरेच जण फसतात. कोहेरन्स आहे ना, मग काळजी कसली, असं वाटतं. पण तो नियम एकेका पानापुरता आहे. दोन वेगळ्या पानांवरच्या बदलांचा आपसातला क्रम काय, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

काकांना पान सातवर 'पाच डझन तयार' लिहायचंय. प्रत भावाकडे आहे. फोन केला, उत्तर यायला वेळ आहे. तोवर थांबतील ते काका कसले. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी खिशात टाकली आणि पुढच्या कामाला लागले. पुढचं काम पान दोन, फळा. त्याची प्रत नेमकी दुसऱ्या कुणाकडेच नव्हती, त्यामुळे तिथे लगेच लिहून झालं: सात. भावाने त्या क्षणी फळा विचारला, सात मिळाले. मग त्याने आपल्याजवळची पान सातची जुनी झेरॉक्स बघितली: रिकामी. काकांच्या दृष्टीने त्यांनी सगळं क्रमाने केलं. खिशातली चिठ्ठी तेवढी राहिली. प्रोसेसरमधल्या या खिशाचं नाव स्टोअर बफर. काकांना स्वतःला पान सात बघायचं झालं तर ते आधी खिसा तपासतात, म्हणून एकट्या कोअरला स्वतःच्या कामात कधीच गोंधळ जाणवत नाही. एकाच कोअरच्या यंत्रावर हा प्रकार दिसत नाही तो त्यामुळेच.

इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांत चिठ्ठ्या खिशात गेल्या तरी ज्या क्रमाने गेल्या त्याच क्रमाने बाहेर येतात. एआरएम आणि पॉवर प्रोसेसरांना ते बंधन नाही. माझा लॅपटॉप पहिल्या जातीचा, बोर्ड दुसऱ्या. भोंगा का वाजत होता याचं उत्तर एवढंच. ॲपलने २०२० साली आपले संगणक इंटेलवरून एआरएमवर नेले तेव्हा इंटेलसाठी लिहिलेले जुने प्रोग्रॅम चालवायला एम-१ चिपमध्ये इंटेलसारखा क्रम पाळायची वेगळी सोयच ठेवली. हे सगळं सॉफ्टवेअरमधून सांभाळत बसलं असतं तर वेग पार मेला असता.

यावरचा उपाय म्हणजे राइट बॅरिअर. दोन लिहिण्यांच्या मधे तो ठेवला की प्रोसेसरला हुकूम मिळतो: याच्या अलीकडची लिहिणी पलीकडच्या लिहिण्यांच्या आधी इतरांना दिसली पाहिजेत. बॅरिअरबद्दल एक गैरसमज मी अनुभवी लोकांच्या तोंडूनही ऐकलाय, की तो सगळं ढकलून मेमरीत पोचवतो. तसं नाही. चिठ्ठ्या कधी पोचतील याबद्दल तो काही सांगत नाही, कोणती आधी कोणती नंतर एवढंच तो बांधून देतो.

ज्या कंपनीसाठी हे काम चाललं होतं, तिथल्या एका साहेबांनी वेगळाच उपाय सुचवला होता: दोन ओळींमधे थोडा वेळ थांब. करून बघितलं, भोंगा बंद झाला. मधे एक संदेश छापायची ओळ घातली, तरी बंद. हाच तर त्रास. अशा बगला नजर लागली की तो लपतो. वेळ घालवल्याने चूक कमी वेळा होते, अशक्य होत नाही, आणि रात्री दोनला वाजणारा भोंगा मग महिन्यातून एकदा वाजतो, जो शोधायला वर्ष जातं.

लिहिणाऱ्याची बाजू झाली. वाचणाऱ्याकडेही ढिलाई आहे. "प्रत फाडा" असा फोन आला की भावाने दर वेळी हातातलं काम टाकून प्रत शोधून फाडायची, तर गिऱ्हाईक निघून जाईल. म्हणून तो फोनवर लगेच "फाडली" म्हणतो आणि निरोपाची चिठ्ठी डब्यात टाकतो, सवडीने फाडू म्हणून. खोटंच बोलतो म्हणा ना. या डब्याला इनव्हॅलिडेट क्यू म्हणतात. काकांनी शिस्तीत आधी आढी, मग फळा लिहिला तरी भावाच्या डब्यात आढीची चिठ्ठी पडून असेल तर त्याला नवा फळा आणि जुनी आढी दिसू शकते. त्याच्यासाठी रीड बॅरिअर: पुढचं काही वाचण्याआधी डब्यात आलेल्या चिठ्ठ्या निपटून टाक. (प्रोसेसर पुढची वाचनं घाईने आधीच करून ठेवतो, तेही हाच बॅरिअर रोखतो.)

म्हणून बॅरिअर जोडीनेच राबतात. लिहिणाऱ्याने क्रम बांधला आणि वाचणाऱ्याने नाही बांधला, तर पहिल्याची मेहनत पाण्यात. उलटही तेच. कुणाच्या कोडमध्ये एकटा बॅरिअर दिसला की मी आधी त्याचा जोडीदार शोधते. नाही सापडला तर बहुतेक वेळा बगच सापडतो.

आता खरा मजेचा भाग. माझा ड्रायव्हर दुरुस्त करताना मी लिहिणाऱ्या बाजूला क्रम बांधला. वाचणाऱ्या बाजूला मात्र रीड बॅरिअर घातला नाही आणि तरी शून्य यायचं थांबलं. मग जोडीचं काय झालं?

फळ्याचे दोन प्रकार समजून घ्या. एका फळ्यावर फक्त 'तयार' किंवा 'नाही' लिहिलंय आणि आढी नेहमी सातवीच आहे. अशा वेळी चलाख माणूस फळा वाचायच्या आधीच सातव्या आढीत डोकावून येऊ शकतो, आणि नंतर फळ्यावर 'तयार' दिसलं की मघाशी बघितलेली रिकामी आढी खरी मानतो. प्रोसेसर हे सर्रास करतात, इथे रीड बॅरिअर लागतोच. दुसऱ्या फळ्यावर आढीचा नंबरच लिहिलेला असतो. नंबर कळल्याशिवाय जायचं कुठे हेच माहीत नाही. पहिल्या वाचनाचं उत्तर हाच दुसऱ्या वाचनाचा पत्ता. याला डेटा डिपेंडन्सी म्हणतात, हल्ली कर्नलवाले अधिक नेमकं ॲड्रेस डिपेंडन्सी म्हणतात. एआरएम, पॉवर, इंटेल सगळे हा क्रम बॅरिअरशिवाय, फुकटात पाळतात. माझा पॉइंटर दुसऱ्या प्रकारचा, म्हणून निभावलं. जोडीदार होता, फक्त त्याचं काम पत्त्यानेच केलं.

हे इतकं उघड वाटतं की याला अपवाद असेल असं मनातही येत नाही. अपवाद होता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा अल्फा प्रोसेसर, पहिली चिप १९९२ची. त्या काळातला अत्यंत वेगवान प्रोसेसर. त्याच कंपनीतल्या जॉन 'मॅडडॉग' हॉल यांच्या खटपटीने लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांच्याकडे एक अल्फा यंत्र पोचलं आणि इंटेलच्या बाहेर लिनक्सने पसरलेल्या पहिल्या पायांत अल्फा आला. सोबत त्याचे नखरेही आले.

अल्फाच्या काही चिपांत कॅशचे दोन भाग असायचे, एक सम पानांचा, एक विषम पानांचा. भावाच्या स्टॉलवर जणू दोन गडी आहेत. एक सम पानांच्या चिठ्ठ्या निपटतो, दुसरा विषम. फळा पान दोनवर, आढी पान सातवर. काकांनी अगदी शिस्तीत आधी सात बदललं, मग दोन. दोन्ही चिठ्ठ्या स्टॉलवर क्रमाने पोचल्या. समवाला गडी तरतरीत, त्याने पान दोनची प्रत फाडली. विषमवाल्याची दुपारची झोप चाललीय, चिठ्ठी त्याच्यापुढे तशीच. भावाने फळा बघितला, प्रत नाही म्हणून नवी मागवली: सात. नंबर कळल्यावरच, अगदी नियमाने, पान सात उघडलं, तर जुनी झेरॉक्स शाबूत: रिकामी. पत्ता नवा, पत्त्यावरचा माल जुना. काळ उलटा फिरल्यासारखं वाटतं, पण कुणीही नियम मोडलेला नाही.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्या गड्याक काडून टाक." अल्फाच्या बाबतीत इतिहासाने तेच केलं, पण त्याला बराच वेळ लागला. तोवर लिनक्सला सगळ्यांसाठी एकच कोड लिहायचा होता. मग सगळ्यांत ढिल्या गड्याला धरून नियम करावे लागतात. पूर्ण रीड बॅरिअर घातला असता तर अल्फाचं भागलं असतं, पण ज्यांना गरज नाही त्या प्रोसेसरांनाही भुर्दंड पडला असता. म्हणून डेटा डिपेंडन्सी बॅरिअर नावाची वेगळीच चीज आली: पॉइंटर वाचला आणि त्यावरून माल वाचायचा आहे, एवढ्यापुरताच क्रम. अल्फावर तो खरा बॅरिअर व्हायचा, बाकी यंत्रांवर त्या ओळीतून एकही इन्स्ट्रक्शन निघायची नाही.

हे नुसतं पुस्तकी राहिलं नाही ते आरसीयूमुळे, म्हणजे 'रीड-कॉपी-अपडेट'मुळे. ही पद्धत ऑक्टोबर २००२ मध्ये कर्नलच्या २.५.४३ आवृत्तीत आली. तिची सगळी गंमत अशी की वाचणारा कुलूप लावतच नाही. लिहिणारा नवी प्रत बाजूला तयार करतो, पॉइंटर वळवतो, आणि जुने वाचक बाहेर पडले की जुनी प्रत मोडतो. काका नवी आढी लावून फळा बदलतात आणि जुन्या आढीवर बसलेल्या बायका उठेपर्यंत तिचा पेंढा हलवत नाहीत, तसंच. कर्नलमध्ये असं वाचन सतत चालू असतं, तिथे प्रत्येक वाचनाला पूर्ण बॅरिअर परवडत नाही.

गैरसोय ही की अल्फा ज्याने जन्मात बघितला नाही अशा माणसालाही तो बॅरिअर कुठे घालायचा हे आठवणीत ठेवावं लागायचं, आणि विसरला तरी त्याच्या यंत्रावर काहीच बिघडायचं नाही. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ४.१५ आवृत्तीत हे ओझं उतरलं. पॉइंटर एकदाच आणि नीट वाचण्यासाठी कर्नलमध्ये 'रीड वन्स' नावाची सोय आहे. तिच्याच पोटात अल्फापुरता बॅरिअर घातला गेला. मग २०२०च्या ५.९ आवृत्तीत तो वेगळा बॅरिअर कर्नलमधून काढूनच टाकला. अल्फावर वाचन थोडं महाग झालं असेल. ते चालवणारे उरलेत किती! मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. चार यंत्रं जरा हळू चालली म्हणून हजारो माणसांच्या डोक्याला ताप द्यायचा नसतो.

तरी अजून एक गडी जागेवर आहे, कंपायलर, म्हणजे आपला कोड प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. कोडमधली पत्त्याची साखळी त्याला पवित्र वाटत नाही. तुम्ही लिहिलंत, "फळ्यावर सात असेल तर फळ्यावरच्या नंबरच्या आढीतले आंबे घे." कंपायलर विचार करतो, सात असेल तरच घ्यायचे ना, मग सरळ सातव्या आढीतलेच घे म्हणू. अर्थ तोच. पण आता पत्ता फळ्यावरून आलेला नाही, आधीच माहीत आहे. प्रोसेसर अंदाजाने आढीत आधी डोकावतो आणि आपण पहिल्या प्रकारच्या फळ्यावर परत येतो, एआरएमवरसुद्धा. म्हणून आरसीयूने वाचलेल्या पॉइंटरची ओळखीच्या पत्त्याशी तुलना करून पुढे त्यावरून माल वाचू नये असं कर्नलचं दस्तावेजीकरण बजावून सांगतं. सी आणि सी-प्लस-प्लसच्या २०११च्या मानकांत अशा साखळीसाठी 'कन्झ्यूम' नावाचा प्रकार ठेवला होता. ती साखळी सांभाळणं कंपायलर लिहिणाऱ्यांना इतकं जड गेलं की ते गुपचूप त्याच्या जागी अधिक कडक 'अ‍ॅक्वायर' देतात.

'जर-तर'च्या अटीवर विसंबणाऱ्यांसाठी एवढं पुरे: अट वाचून मग लिहिणं, हा क्रम हार्डवेअर राखतं, कारण अंदाजाने केलेलं लिहिणं ते बाहेर दिसू देत नाही. अट वाचून मग दुसरं वाचणं, हा राखत नाही.

आणि एक जागा अशी की तिथे इंटेलही हात वर करतो. आमच्याकडे ओढ्यावर अरुंद साकव असतात, एका वेळी एकच गाडी. समजा दोन्ही टोकांना ठरलंय: आधी आपलं निशाण लावायचं, मग समोरचं निशाण बघायचं, नसेल तरच साकवावर यायचं. कागदावर धडक अशक्य. पण दोघांनी निशाण लावायचं म्हणून ते खिशातल्या चिठ्ठीत गेलं, बाहेर दिसायच्या आधीच दोघांनी समोर बघितलं, दोघांना वाट मोकळी दिसली, आणि दोघंही साकवावर. आधी लिहिणं मग वाचणं, या एका जोडीचा क्रम इंटेलही राखत नाही. राइट बॅरिअर फक्त लिहिण्यांपुरता, रीड बॅरिअर फक्त वाचण्यांपुरता, म्हणून इथे पूर्ण बॅरिअर लागतो, दोन्ही टोकांना. तो महाग असतो. नसेल तर धडक.

माझ्या ड्रायव्हरमध्ये इतकं काही लागलं नाही. लिहिणाऱ्या बाजूला आरसीयूची पॉइंटर वळवायची पद्धत, जिच्या आत 'रिलीज' असतो, म्हणजे याआधीचं सगळं याच्यासोबत नव्हे, याच्याआधी दिसेल. चौसष्ट बिटांच्या एआरएमवर त्यासाठी एकच खास स्टोअर इन्स्ट्रक्शन आहे. वाचणाऱ्या बाजूला आरसीयूचीच वाचायची पद्धत, आणि जुनी नोंद मोडण्याआधी वाचकांची वाट बघणं. बदल सहा ओळींचा. शोधायला अख्खा आंब्याचा हंगाम गेला.

कर्नलमध्ये बॅरिअर घालताना वर कॉमेंट लिहावी लागते, हा क्रम कशासाठी आणि जोडीदार कुठे. नाही लिहिली तर कोड तपासणारी चेकपॅच नावाची स्क्रिप्ट कुरकुरते. माझ्या पद्धतीला तशी सक्ती नव्हती, तरी मी लिहिली: "आधी आढी, मग फळा. जोडीदार वाचणाऱ्या फंक्शनमध्ये." दुसऱ्या दिवशी पुण्याहून तपासणाऱ्या सहकाऱ्याचा शेरा आला. बाकी सगळं ठीक आहे, आढी म्हणजे काय?